विबकेने पुसलेली खूण

विबके टेरहोर्स्ट मला कधीच आवडली नाही. हे मी पाठीमागे बोलत नाही, तिच्या तोंडावर दोनदा सांगून झालं आहे. ती उद्धट होती. स्वतःच्या वाढदिवसाला केक आणायची नाही, दुसऱ्याच्या केकवर मात्र आडवा हात मारायची. जगातल्या टेनिस खेळणाऱ्या बायकांच्या यादीत ती एकदा दोनशे सत्त्याऐंशीव्या नंबरावर पोचली होती. आमच्या बेर्केनलोची वस्ती नऊ हजार. त्यातल्या कुणाचाच कशातच जगात दोनशे सत्त्याऐंशीवा नंबर नाही, कोबी पिकवण्यातसुद्धा नाही. तरी तिच्याविषयी बोलताना लोक नंबराआधी 'फक्त' लावायचे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते आमच्या गावात येऊन बघावं.

मी स्वेन्या कोल्टहोफ. विबकेच्याच वयाची. आम्हा दोघींना सहाव्या वर्षी एकाच आठवड्यात टेनिसच्या क्लबात घातलं. मका, पवनचक्क्या आणि सायकलने अर्ध्या तासावर हॉलंड, एवढंच आमच्याकडे आहे. त्यात पोरांना घालायला एक फुटबॉल आणि एक हा क्लब. सतराव्या वर्षापर्यंत मी तिच्या बरोबरीने खेळले. मग लुटके मास्तरांनी एक दिवस माझ्या वडिलांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की स्वेन्याला छंद म्हणून खेळू द्या. त्या दिवसापासून मी छंद म्हणून खेळते आणि पोटासाठी बाजारपेठेतल्या दुकानात चष्मे विकते.

लुटके मास्तर रिटायर झालेले पोस्टमन होते. त्यांनी आम्हाला टेनिसच्या आधी माती शिकवली. लाल मातीवर बॉल पडला की खूण उठते. क्लबच्या सामन्यांना पंच नसतो. आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. समोरचीला शंका आली तर खुणेपाशी जायचं, रॅकेटच्या टोकाने भोवती गोल काढायचा, आणि तिने मान हलवली की बुटाने खूण पुसून टाकायची. नाही पुसली, तर दहा मिनिटांनी तीच शिळी खूण दाखवून कुणीतरी भांडण उकरून काढतं. "पुसलं की मिटलं," मास्तर म्हणायचे. जी पुसायला विसरेल तिला कुंपणाभोवती पाच फेऱ्या. मी पुष्कळ फेऱ्या मारल्या. विबकेने एकही मारली नाही, कारण बॉल पडायच्या आत तिचा पाय पुसायला तयार असायचा.

अठराव्या वर्षी ती व्यावसायिक झाली. हा शब्द ऐकून लोकांना विमानं आणि फुलांचे गुच्छ दिसतात. विबके तुर्कस्तानात, ट्युनिशियात, इजिप्तमध्ये अशा हॉटेलांत खेळायची जिथे कोर्टाच्या एका बाजूला पोहण्याचा तलाव असतो आणि दुसऱ्या बाजूला कुणीच नसतं. रॅकेटच्या तारा स्वतः ओवायची. पहिल्या फेरीत हरली की त्याच रात्रीचं परतीचं तिकीट शोधायची. महिनाभराने क्लबात उगवायची तेव्हा नाकाची कातडी सोललेली, आणि खेळाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "तुला काय कळणार त्यातलं?"

जगभरात तिच्यावर पैसे लावणारे लोक होते. ती हरली की तिच्या फोनवर शिव्यांचा पाऊस पडायचा. एकदा बिअरच्या काउंटरपाशी तिने त्यातल्या दोन वाचून दाखवल्या. एकाने तिचा हात मोडो म्हटलं होतं. दुसऱ्याने तिच्या आईला कॅन्सर होवो म्हटलं होतं. आमचे दातांचे डॉक्टर ह्युजिंग बिअरचा फेस पुसत म्हणाले, "मग तू हरलीसच कशाला?" सगळे हसले. मीही हसले.

आमच्या क्लबात प्रत्येक सभासदाने वर्षाला आठ तास श्रमदान करायचं असतं. मार्चमध्ये नवी माती पसरायची, कुंपणाची झुडपं छाटायची, नाल्या साफ करायच्या. वकील असो की खाटीक, सुटका नाही. विबके मार्चमध्ये नेमकी कुठल्या तरी वाळवंटात हरत असायची. चार वर्षं तिने फावड्याला हात लावला नव्हता. फेब्रुवारीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला, तेव्हा ती योगायोगाने हजर होती.

अध्यक्ष ब्रोकमान कौलांचे व्यापारी. त्यांनी घसा साफ केला. "नियम सगळ्यांना सारखा. बत्तीस तास बाकी आहेत, विबके."

"द्या फावडं," विबके म्हणाली. "पण त्याआधी फाटकावर माझा मोठा फोटो लावलाय तो उतरवा. त्याखाली तुमच्या कौलांची जाहिरात आहे, तीही उतरवा."

"अगं बाई, फोटो काही गवत उपटत नाही!"

"कौलं तरी कुठे उपटतात?"

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "महाराणींच्या हाताला फोड येतील हो!" तेव्हा विबकेने दोन्ही तळहात वर करून सभेला दाखवले. त्यांवर नव्या फोडाला जागाच शिल्लक नव्हती. मग ताकीदपत्र पाठवायचा ठराव मतदानाला आला आणि मंजूर झाला. मी हात वर केला होता.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली ही गोष्ट. ती सव्वीस वर्षांची होती, मनगटाला कायम पट्टी, आणि नंबर दोनशे एक्याण्णव. मेलबर्न, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकीच्याही दारात ती कधी उभी राहिली नव्हती. मुख्य स्पर्धा सोडा, पात्रता फेरीतसुद्धा नाही. तिथे साधारण दोनशे चाळीसच्या आतल्यांनाच घेतात. दरवर्षी ऑगस्टमध्ये आमच्याच क्लबात एक छोटी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. ती जिंकली तर हिशेब बसत होता: जानेवारीत मेलबर्न. अंतिम सामना हरली तर बसत नव्हता.

आणि तिच्या आईने तेवढ्यात दुसरा हिशेब बसवला होता. टेरहोर्स्टबाई बेकरीत पाव विकतात, सगळं गाव त्यांच्यासमोर रांगेत उभं असतं, त्यामुळे त्यांची कुणाकडेही ओळख निघते. नगरपालिकेत कारकुनीच्या प्रशिक्षणाची एक जागा त्यांनी लेकीसाठी अडवून ठेवली होती. हो की नाही ते सोमवारी दहापर्यंत कळवायचं होतं. सामना रविवारी.

"जिंकलीस तर खेळ आणखी एक वर्ष, मी तोंडातून शब्द काढणार नाही," बाईंनी भर बेकरीत, माझ्यादेखत, तिला सुनावलं. "हरलीस तर रॅकेटा माळ्यावर. मला आता लोकांना उत्तरं देववत नाहीत."

"लोकांना पाव दे," विबके म्हणाली. "उत्तरं कशाला देतेस?"

अंतिम सामन्यात खुर्चीवरचा पंच बाहेरून येतो, पण कोर्टाच्या दोन्ही टोकांच्या रेषांवर बसायला आमचेच सभासद लागतात. एका शनिवारी शिकवणी देतात, टोपी देतात, आणि बसल्याचे दोन तास श्रमदानात धरतात. माझे नेमके दोन तास राहिले होते. बॉल बाहेर पडला तर हात आडवा करून ओरडायचं. आत पडला तर काही बोलायचं नाही, दोन्ही पंजे जमिनीकडे करून खाली धरायचे. एवढं काम. कुंपण छाटण्यापेक्षा बरं म्हणून मी टोपी घातली.

समोर नीन्के वेस्टरहाउट नावाची एकोणीस वर्षांची डच मुलगी होती. लांब हात, शांत चेहरा, आणि तिच्या बाजूने ओरडायला सीमेपलीकडून आलेली मोटारभर माणसं. आमची चारशे. तुम्हाला वाटेल आमची माणसं विबकेच्या बाजूने ओरडत होती. ओरडत होती, पण कसं? तिचा बॉल जाळीत गेला की "गेलं मेलबर्न!" आणि तिने चांगला फटका मारला की "असं रोज मारायला काय होतं?" सॉसेज खात खात, बटाट्याचं सॅलड मांडीवर घेऊन. उंटावरून शेळ्या हाकणं आमच्याकडे फुकट असतं.

पहिला सेट विबकेचा, दुसरा त्या पोरीचा. दुसऱ्या सेटमध्ये मी विबकेचा एक बॉल बाहेर दिला. तो बाहेरच होता. पंच खाली उतरला, खूण बघितली आणि बाहेरच म्हणाला. विबके माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग पंचाकडे वळून, चारशे लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिला बदला. ही गावाला चष्मे विकते आणि स्वतः आंधळी आहे."

लोक खो खो हसले. ह्युजिंग डॉक्टर तर उभे राहून हसले. माझी दोन गिऱ्हाइकं पहिल्या रांगेत बसली होती. त्यांच्या नाकावर मीच बसवलेले चष्मे होते, आणि त्यातून ती माझ्याकडे बघत होती. माझे कान तापले. मी खुर्चीत ताठ बसून राहिले आणि मनात म्हटलं, थांब.

तिसरा सेट. सहा-पाच विबके पुढे, सर्व्हिस तिची, चाळीस-तीस. एक गुण आणि सामना संपला. डच मुलीने लांब, उंच बॉल मारला, विबकेच्या बाजूला, माझ्या रेषेवर. रेषेवर नाही. रेषेच्या मागे. रेषा आणि खूण यांच्यामध्ये दोन बोटं लाल माती होती. मी डोळ्यांनी पाहिली. माझी नजर चांगली आहे, ते माझं पोट आहे.

मी ओरडले नाही. माझे पंजे खाली गेले आणि जमिनीकडे करून तिथेच थांबले. हात आपोआप गेले, घाईत गेले, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. नाही गेले. मी घातले. मला बरं वाटलं.

विबके खेळायची थांबली. तिने बॉल परत मारलाच नाही. हात वर करून पंचाला खूण दाखवायला बोलावलं. तो तिचा हक्क होता आणि ती बरोबर होती. पंच खुर्चीवरून उतरू लागला. गुडघ्याने अधू असावा, एकेक पायरी उतरत होता. तोवर विबके खुणेपाशी पोचली आणि रॅकेटच्या टोकाने तिने भोवती गोल काढला. डच मुलगी जाळीपाशी आली, मान लांब करून तिने बघितलं, आणि मान हलवली. बाहेर. तिला मान्य होतं.

आणि विबकेने बुटाने खूण पुसली.

मग ती जाळीकडे चालू लागली, हात पुढे करून, हस्तांदोलनाला. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती हसत होती, सहा वर्षांच्या पोरीसारखी.

पंच कोर्टाच्या मध्यावर थांबला होता. तो म्हणाला, "खूण कुठे आहे?"

पंच असताना निर्णय पंचाचा. त्याने बघायच्या आत खूण पुसली, तर पुसणारीने गुण सोडला असं धरतात. हा नियम आहे आणि विबकेला तो पाठ होता. आठ वर्षांत, तुर्कस्तानात, इजिप्तमध्ये, कुठल्याही परक्या मातीवर तिच्या पायाने अशी चूक केली नव्हती. ती फक्त घरच्या कोर्टावर होऊ शकत होती, जिथे पायांना मास्तरांची शिकवण डोक्याच्या आधी आठवते.

"पण तिने मान हलवली!" विबके ओरडली. "तू हलवलीस ना? सांग ना त्याला!"

नीन्केने खांदे उडवले. "मी काही बोलले नाही," ती म्हणाली, आणि तेही खरं होतं.

पंचाने माझ्याकडे पाहिलं. माझे पंजे अजून खालीच होते. "रेषेवर 'आत' दिलं आहे. खूण नाही. गुण वेस्टरहाउट," तो म्हणाला आणि पुन्हा एकेक पायरी चढू लागला.

लोकांचा आधी विश्वास बसेना, मग हशा पिकला. "पायाने खेळायचं असेल तर फुटबॉल खेळ की!" कुणीतरी ओरडलं. लुटके मास्तर, ऐंशीच्या पुढचे, पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते उठले आणि कुणाशी न बोलता सायकल हातात धरून निघून गेले. विबके तो गेम हरली, मग सहा-सहावरचा निर्णायक टायब्रेक सात-दोन असा हरली. हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर माणूस कसा खेळतो ते आम्ही सगळ्यांनी सॉसेज खाता खाता बघितलं. ब्रोकमाननी तिला ग्लॅडिओलसच्या फुलांचा गुच्छ दिला. तिने तो खुर्चीवर ठेवला आणि विसरली, किंवा विसरली नसेल.

सोमवारी सकाळी दहाला दहा मिनिटं असताना तिने नगरपालिकेत जाऊन सही केली. बेकरीत त्या दिवशी टेरहोर्स्टबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "सुटलो एकदाचे." त्यांचे डोळे सुजलेले होते. क्लबच्या फाटकावरचा फोटो ब्रोकमाननी महिन्याभरात उतरवला. कौलांची जाहिरात ठेवली.

मला वाटलं होतं, सुंठीवाचून खोकला गेला. झालं भलतंच. दुकानात कुणाच्या डोळ्यासमोर भिंग धरून "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारताना मला ती दोन बोटं माती दिसायची. सप्टेंबरात दिसली, नाताळात दिसली. मी नवऱ्याला सांगितलं नाही, क्लबात तर नाहीच. तिची माफी मागायला हवी असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तिने मला शिव्या द्याव्यात असंही वाटत होतं. कडाडून भांडावं, गावभर सांगावं, मग माझी सुटका होईल.

फेब्रुवारीत माझ्या ओळखपत्राची मुदत संपली. नगरपालिकेत नंबराचा कागद घेऊन मी बसले, आणि पाटीवर माझा नंबर लागला तो दोन नंबरच्या टेबलासमोर. तिथे विबके. केस कापलेले, निळा स्वेटर, मनगटाला पट्टी नाही.

"जुनं ओळखपत्र आणि फोटो," ती म्हणाली.

मी दोन्ही दिलं. मागे सात-आठ माणसं बसली होती. मी पुढे वाकले आणि हळूच बोलले. "विबके, तो बॉल बाहेर होता. मी पाहिला होता. मी मुद्दाम हात खाली केले."

ती टाइप करत राहिली. "उंची?"

"काय?"

"उंची. ओळखपत्रावर लागते."

"एकशे एकोणसत्तर. अगं, मी काय म्हणाले ते ऐकलंस का?"

"ऐकलं. डोळ्यांचा रंग?"

"करडा. विबके, तू काहीतरी बोल ना!"

तेव्हा तिने कीबोर्डवरचे हात काढले आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "किती महिने झाले?"

"सहा."

"सहा महिने तुला झोप लागत नाही, आणि आता ती मी लावून द्यायची?" तिचा आवाज चढला नव्हता. "बॉल आत होता."

"नव्हता. दोन बोटं बाहेर होता!"

"खुणेवर मी उभी होते, तू खुर्चीत बसली होतीस. खूण मी पाहिली, मी पुसली. आता ती कुणीच बघू शकत नाही. आत होता."

"खोटं बोलतेस तू."

"बोलत असेन." तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "हे बघ स्वेन्या. मी आठ वर्षं हरले. ट्युनिशियात हरले, तुर्कस्तानात बारा वेळा हरले. तिथे कुठल्याच रेषेवर तू नव्हतीस. गावात लोक म्हणतात, बुटाने गेली. तू येऊन सांगतेस, माझ्यामुळे गेली. माझं एवढं एकच होतं गं, ते हरणंसुद्धा तू नेणार का? नाही मिळणार. सही कर, या चौकटीत. बाहेर जाऊ देऊ नकोस."

मी सही केली. अक्षर वाकडं आलं, पण चौकटीत बसलं. तिने ते बघितलं, शिक्का मारला आणि तीन आठवड्यांनी यायला सांगितलं. मी तशीच बसून राहिले.

"झालं तुझं," विबके म्हणाली, आणि बटण दाबून तिने पुढचा नंबर बोलावला.